सांधे सैल, रिपोर्ट नॉर्मल आणि दुखणारी लेक: लातूरकडच्या एका आईंच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका आईंचा आहे. थोडक्यात असा: "मुलगी सतरा वर्षांची, बारावीला आहे, लातुरात खोली करून राहते. लहानपणापासून तिची बोटं उलटी वळायची, पाहुणे आले की आम्हीच कौतुकानं करून दाखवायला सांगायचो. आता तासभर लिहिलं की हात भरून येतो. पाय सारखा मुरगळतो. मध्यंतरी एसटीत वरची दांडी धरून उभी होती, ब्रेक लागला आणि खांदाच निसटला, मग आपोआप बसला. एक्स-रे, रक्त, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले सांधे जन्मतःच सैल आहेत, ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. घरात सगळे म्हणतात, अभ्यास टाळायचे बहाणे आहेत. माझेही गुडघे न् अंगठे दुखतात, पण मी कधी बोलले नाही. या थेरपीनं काय होतं? ती बरी होईल का? पुढे लग्नाचं, बाळंतपणाचं कसं?"

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि मराठवाड्यातच बरीच वर्षं काम करते. घरातल्या त्या बहाण्यांच्या बोलण्याचा निकाल आधी लावू. ती बहाणे करत नाही. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. हाडाला हाड बांधून ठेवणारे अस्थिबंध, सांध्याभोवतीचं आवरण यांचा सैलपणा त्यात दिसत नाही. बाजेची लाकडं धड असतात, नवार सैल पडलेली असते. अशा बाजेचा फोटो काढला तर त्यात खोट दिसणार नाही, पण बसणाऱ्याला ती लगेच कळते. ही नवार म्हणजे शरीरातल्या संयोजी ऊती, आणि त्यांचा मुख्य धागा म्हणजे कोलॅजेन नावाचं प्रथिन. ते जन्मतःच जरा वेगळं घडलेलं असेल तर सांधा त्याच्या हद्दीबाहेर जातो. त्याला जागेवर ठेवायला मग स्नायूंना दिवसभर राबावं लागतं. साध्या बसण्या-उभं राहण्यातही तिची ताकद खर्च होत असते, म्हणून संध्याकाळी तिचं अंग मोडून येतं. शिवाय सांधा नेमका कुठे आहे, किती वाकलाय, ही जाणही अशा लोकांत कमी असते. वस्तू हातातून पडणं, उंबऱ्याला पाय अडकणं, पाय मुरगळणं यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

सैलपणा मोजायची एक सोपी पद्धत आहे, बायटन गुणांकन, एकूण गुण ९. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे जाते का, अंगठा वळून मनगटापलीकडे, कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेपेक्षा १० अंशांहून जास्त मागे जातो का? प्रत्येकी एक गुण, डावा-उजवा वेगळा. आणि गुडघे न वाकवता दोन्ही तळहात जमिनीला पूर्ण टेकले तर एक. वयात आल्यापासून पन्नाशीपर्यंत ५ किंवा जास्त गुण आले तर सांधे सर्वसाधारणपणे सैल धरतात, लहान मुलांत ६, पन्नाशीनंतर ४. पण नुसता सैलपणा हा आजार नव्हे. कितीतरी माणसं आयुष्यभर लवचिक असतात आणि त्यांना काडीचा त्रास होत नाही. त्रास सुरू झाला की मात्र त्याला नाव द्यावं लागतं.

ही नावं २०१७ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर नव्यानं ठरली. एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोमचे तेव्हा १३ प्रकार मांडले गेले. त्यांतल्या बारा प्रकारांची जनुकं सापडली आहेत. सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या, अतिलवचिक सांध्यांच्या प्रकाराचं जनुक मात्र अजून हाती लागलेलं नाही. त्यामुळे तो रक्त तपासून ठरत नाही, अंग तपासून, घराण्याचा इतिहास विचारून ठरवतात. त्या निकषांत न बसणाऱ्या पण त्रास असणाऱ्यांना 'हायपरमोबिलिटी स्पेक्ट्रम डिसऑर्डर' म्हणतात. तुमच्या मुलीला यांतलं कुठलं नाव लागेल ते डॉक्टर ठरवतील. माझ्या कामात दोन्हींत फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीनं, आणि ती मी कुणालाही सोडू देत नाही. थेरपी सुरू करण्याआधी दोन धोकादायक आजार नाहीत ना, याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. एक मारफान सिंड्रोम: उंच शिडशिडीत बांधा, लांबलचक हात-बोटं, डोळ्यातलं भिंग सरकलेलं, मोठ्या नंबरचा चष्मा, आणि हृदयातून निघणारी महाधमनी हळूहळू रुंदावत जाणं. दुसरा एहलर्स-डॅनलॉसचाच रक्तवाहिन्यांचा प्रकार. त्यात कातडी इतकी पातळ की छातीवरच्या शिरा दिसतात, जरा लागलं की काळंनिळं होतं, आणि गंमत म्हणजे मोठे सांधे फारसे सैल नसतातच, नुसती बोटं असतात. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते "ॲटॅक आला" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना आवर्जून सांगा. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि डोळ्यांची तपासणी एकदा होऊन जाऊ द्या. आणि कधीही छातीत, पोटात किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, मानेच्या दुखण्याबरोबर हातापायातलं बळ गेलं, किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर थेरपिस्टला फोन करत बसू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

आता तुमचा मूळ प्रश्न, या थेरपीनं काय होतं. फिजिओथेरपिस्ट मुख्यतः स्नायू, ताकद, हालचाल यांवर काम करतात. आम्ही माणूस दिवसभर जी कामं करतो त्या कामांवर काम करतो: लिहिणं, केस विंचरणं, भाकरी, पाणी, प्रवास, झोप. दोन्ही लागतात. कोलॅजेन आम्ही बदलू शकत नाही, त्यामुळे "बरी होईल का" याचं प्रामाणिक उत्तर असं की सैलपणा तिच्याबरोबर राहील. दुखणं, निसटणं आणि थकवा मात्र पुष्कळ कमी करता येतो. सूत्र एकच: सांध्याला त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जाऊ द्यायचं नाही. सरळ सांध्याची माणसं टोकाला गेली की अस्थिबंध त्यांना अडवतात. तुमची मुलगी टोकाला जाते आणि तिथे अडवणारं कुणी नसतं, म्हणून ती सांध्यावरच रेलून राहते. गुडघे मागे लॉक करून उभी राहते, कोपर उलटं मोडून हातावर भार देते, पेन धरताना बोटाचं शेवटचं पेर आत दाबते. दिवसातून शेकडो वेळा. औषधापेक्षा आधी ही सवय बदलायची असते.

लिहिण्यापासून सुरू करू, कारण बारावीच्या वर्षात तोच तिचा जीवनमरणाचा प्रश्न आहे. तिच्या शेजारी बसा आणि लिहिताना फक्त तर्जनीकडे बघा. बहुधा असं दिसेल: टोकाचं पेर मागे वाकून पांढरं पडलंय, मधलं पेर वर उचललंय, अंगठ्याचं मूळ बाहेर आलंय आणि मूठ घट्ट आवळलीय. बोटाचं टोक डगमगतं म्हणून ती सगळ्या हातानं पेन आवळते, आणि तासाभरात कोपरापर्यंत कळ जाते. इथे "जरा सैल धर" म्हणून उपयोग होत नाही, सैल धरलं तर पेन सुटतं. पेन जाड करा. स्टेशनरीच्या दुकानात रबरी ग्रिप मिळते, नाहीतर फोमची पट्टी गुंडाळा. शाई अशी हवी की कागदावर दाब द्यावा लागू नये, बॉलपेनऐवजी जेल पेन. पेनाची दांडी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात ठेवण्याऐवजी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात टेकवून लिहायचं. पहिले आठ दिवस अक्षर वेडंवाकडं येतं, मुली वैतागतात, पण अंगठ्यावरचा भार खरोखर उतरतो. परीक्षेच्या तोंडावर हा बदल करू नका, आत्ता करा.

बसण्याचंही बघा. लातुरातल्या खोल्यांमध्ये मी पाहिलंय, पोरी कॉटवर मांडी घालून, मांडीवर वही घेऊन तासन्‌तास बसतात. मान खाली, पाठीची कमान, मनगट लोंबकळतंय. टेबल-खुर्ची हवीच. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पुस्तकांचा गठ्ठा किंवा पाट. कोपरापासून पुढचा हात टेबलावर पूर्ण टेकलेला. वहीखाली जाड पुस्तकं लावून पॅडला साधारण २० अंशांचा उतार द्यायचा, म्हणजे मान आणि मनगट दोन्ही सुटतात. वीस-पंचवीस मिनिटांनी पेन खाली ठेवायचं, दोन मिनिटं उभं राहायचं. बोटं मोडायची नाहीत. कटकट आवाज आला की तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं, म्हणून सवय लागते, आणि दर वेळी सांधा पुन्हा त्याच टोकाला जातो.

बोटांसाठी एक फार गुणाची वस्तू आहे, आठ आकड्याच्या आकाराची अंगठी. दोन कडी तिरकी जोडलेली असतात. बोट पुढे पूर्ण वाकतं, मागे मात्र जाऊ शकत नाही. प्लास्टिकच्या तयार मिळतात. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या थर्मोप्लास्टिकच्या पट्टीपासून आम्ही मापानं बनवून देतो, आणि माप पक्कं झालं की चांगला सोनार चांदीतही घडवतो. कॉलेजच्या मुली चांदीचीच मागतात, कारण ती दागिन्यासारखी दिसते आणि कुणी विचारत नाही. यात मला काही गैर वाटत नाही. जी वस्तू लाज न वाटता घातली जाते तीच कामाची. मेडिकलच्या दुकानातून घेतलेला मनगटाचा पट्टा मात्र रात्रंदिवस बांधून ठेवू नका. आधार कामापुरता, लिहिताना, उचलताना. बाकी वेळ स्नायूंनी काम केलंच पाहिजे, नाहीतर ते आणखी ढिले पडतात.

परीक्षेचं लवकर बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सैल सांध्यांचा नावानं उल्लेख नाही, आणि तिला ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळणं अवघड आहे. तरी दार बंद नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की लिहिताना अडचण येणाऱ्या विद्यार्थ्याला लेखनिक नाकारण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागानं ४० टक्क्यांपेक्षा कमी अडचण असणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: लेखनिक किंवा तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ. लिहिण्यातल्या अडचणीचं हे प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अध्यक्षतेखालची समिती देते आणि त्या समितीत, उपलब्ध असेल तर, ऑक्युपेशनल थेरपिस्टही असतो. बारावी बोर्डासाठीचा अर्ज कॉलेजमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. लातूर, धाराशिव, नांदेडचं मंडळ लातुरातच आहे. कागद गोळा करायला दिवस लागतात, हेलपाटे होतात, म्हणून पावसाळ्यातच सुरुवात करा. माझं मत विचाराल तर तिच्यासाठी लेखनिकापेक्षा जादा वेळ बरा. उत्तर तिला स्वतःच्या हातानं लिहायचं असतं, फक्त मध्ये हात टेकायला सवड हवी असते.

खांद्याकडे वळू. एसटीत वरची दांडी धरायची नाही, हे आजपासून. हात डोक्यावर, सगळा भार लोंबता आणि अचानक धक्का, यापेक्षा वाईट स्थिती सैल खांद्याला नाही. जागा नाही मिळाली तर सीटच्या पाठीची दांडी छातीच्या उंचीवर, कोपर वाकवून धरायची आणि पाठ टेकायला आधार शोधायचा. कंडक्टरला सांगून बसायला जागा मागायला लाजू नये. दप्तर एका खांद्याला नको, दोन्ही पट्टे, आणि कमी पुस्तकं. झोपताना ती पोटावर, हात डोक्याखाली मुडपून झोपत असेल, बहुतेक जणी झोपतात. कुशीवर, छातीशी गोधडीची वळकटी कवटाळून, गुडघ्यांमध्ये एक उशी घेऊन झोपू द्या. रात्रभर खांदा मध्यावर राहिला तर सकाळ निराळी जाते.

तुम्ही लिहिलं नाही, तरी एक विचारते: सकाळी उठल्याबरोबर, किंवा रांगेत उभी असताना तिला गरगरतं का, छाती धडधडते का? सैल सांध्यांच्या बऱ्याच मुलींत हे असतं. उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडीचे ठोके मिनिटाला ३० नी (तिच्या वयात ४० नी) वाढतात आणि रक्तदाब मात्र पडत नाही, त्याला पॉट्स म्हणतात. ते डॉक्टरांनीच तपासून ठरवायचं, पाणी आणि मीठ किती वाढवायचं तेही त्यांनीच. पण मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये, पारा ४२ च्या वर असताना, हा त्रास दुपटीनं वाढतो हे मी दर वर्षी बघते. कडकडीत पाण्यानं उभं राहून आंघोळ नको, स्टुलावर बसून कोमट पाण्यानं. उठण्याआधी अंथरुणातच पावलं वर-खाली हलवायची. बाहेरची कामं ऊन चढायच्या आत.

आणि आता तुमच्याबद्दल, ताई. तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात. हे सांधे बहुधा तिला तुमच्याकडूनच आले आहेत, आणि तुम्ही त्यांच्यावर वीस-पंचवीस वर्षं संसार ओढलाय. तुमच्या अंगठ्याचं दुखणं भाकरीत असेल, असं मला वाटतं. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून तळहाताच्या टाचेनं रगडताना अंगठा बाहेर फाकतो आणि त्याचं मूळ दर वेळी जागेवरून सरकतं. थापताना बोटं मागे वळतात आणि मनगट मागे मोडतं, भाकरी फिरते तसं. थोडं थोडं पीठ घ्या, दोन भाकरींपुरतंच. रगडायला मूठ वापरा, मनगट सरळ आणि जोर खांद्यातून. थापताना बोटं एकमेकांना चिकटलेली, किंचित पेल्यासारखी वाकवलेली, अंगठा बोटांशी लागून. हे जमत नसेल त्या दिवशी सरळ लाटा. लाटलेली भाकरी थापलेल्यासारखी फुगत नाही अशी घरात कुरकुर होईल, होऊ द्या. तवा, पातेलं सांडशीनं एका हातानं उचलू नका, दोन फडकी घेऊन दोन्ही तळहातांनी. कपडे पिळायचे नाहीत. आपल्या उन्हात न पिळता टाकलेलं लुगडंही तासा-दोन तासांत वाळतं. पिळायचंच तर नळाला अडकवून, दोन्ही हातांनी.

पाणी हा आपल्याकडचा खरा वैरी. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस तुम्ही काढले आहेत. टँकर आला की बायका भरलेला हंडा झटक्यात उचलतात, एक डोक्यावर आणि एक काखेत. मान सैल असणाऱ्या बाईनं डोक्यावरून ओझं नेऊ नये, हे मी अगदी स्पष्ट सांगते. लहान कळश्या, जास्त खेपा. शक्य तिथे सायकलच्या कॅरिअरला कॅन, हातगाडा, चाकाची कुठलीही सोय. आणि घरातल्या पुरुषांनी भरायला हवं. ही सूचना मी प्रिस्क्रिप्शनवर लिहून देते, कारण तोंडी सांगितलेलं घरी पोहोचत नाही.

शेतातल्या कामाचं तसंच. खुरप्याची मूठ बारीक असते, तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन-तीन वेढे दिले की पकड जाड आणि न घसरणारी होते. कापूस वेचताना ओटी मानेला न अडकवता कमरेला बांधा, भरायच्या आधीच रिकामी करा आणि हात बदलत राहा. उकिडवं बसून खुरपण्यानं गुडघे टोकाला जातात, तिथे बुटका पाट घेऊन बसा. बीडकडच्या ऊसतोडीच्या बायकांना काय सांगायचं, हा मला कायम छळणारा प्रश्न आहे. "विश्रांती घ्या" हे त्यांना सांगणं म्हणजे उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) फेडू नका असं सांगणं. एका कोयत्यात, म्हणजे ऊसतोडीच्या जोडीत, नवरा तोडतो आणि बायको पाचट काढून, मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. तिथे मी नवऱ्याला समोर बसवून एवढंच बदलायला सांगते: वाहून नेणं त्यानं घ्यावं, काढणं-बांधणं तिनं. मजुरी तेवढीच राहते आणि तिची मान वाचते. सगळे ऐकत नाहीत, काही ऐकतात.

थकव्याचं गणित घरच्यांना समजावून सांगा, कारण बहाण्यांचा संशय इथूनच निघतो. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी ती सगळं उरकते आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात असते. लोक म्हणतात, काल तर हसत होती. महालक्ष्म्यांच्या आधी, येळवशीच्या (वेळा अमावास्येच्या) आदल्या रात्री तुमचंही हेच होत असणार. उपाय उलटा आहे: बऱ्या दिवशी थोडं राखून थांबायचं आणि वाईट दिवशीही थोडं करायचं. पंधरा दिवस वहीत लिहा, कधी काय केलं, केव्हा दुखलं, झोप कशी झाली, पाळी केव्हा आली. पाळीच्या आधी सांधे जास्त निसटतात असं अनेक मुली सांगतात. वही समोर असली की आठवडा आखता येतो.

व्यायाम हवाच, पण ताणण्याचा नको. लवचिकता तिच्याकडे आधीच जास्त आहे. भिंतीला हात टेकून, कोपर किंचित वाकवलेलं ठेवून हळू दाब देणं, खुर्चीवरून न धरता हळू उठणं-बसणं, एका पायावर तोल सांभाळणं, हलक्या वजनानं सावकाश हालचाल. रोज थोडं, आणि दुखणं दुसऱ्या दिवशीही टिकलं तर कमी करायचं. स्नायूंत फरक पडायला महिने लागतात, आठवडे नव्हे. योगासनांच्या वर्गात अशा मुलीला हमखास पुढे बोलावून सगळ्यांना दाखवायला लावतात. शिक्षकांना सांगा, तिनं प्रत्येक आसनात अलीकडेच थांबायचं आहे. पाहुण्यांसमोर बोटं वळवून दाखवणंही बंद.

खांदा निसटला की गावात हाड बसवणाऱ्याकडे नेऊन ओढून-चोळून घेऊ नका. न्हाव्याकडे मान मोडून घ्यायची पद्धत आपल्या घरातल्या पुरुषांत आहे, सैल सांध्यांच्या मुलग्यांना तर त्यापासून लांबच ठेवा. लहान भावंडं तशीच असतील तर त्यांना एका हाताला धरून वर उचलू नका. औषधांचंही एक: सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या जातीची प्रतिजैविकं जुलाबाला, लघवीच्या जंतुसंसर्गाला सर्रास दिली जातात. ती स्नायुबंधांना इजा करू शकतात, आणि डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मारफान आणि एहलर्स-डॅनलॉसच्या रुग्णांना, दुसरा पर्याय असताना, ती देऊ नका असा इशारा दिला आहे. डॉक्टर लिहीत असतील तेव्हाच आजाराचं नाव सांगा आणि पर्याय विचारा. दातांच्या डॉक्टरांनाही सांगा, बधिर करायचं इंजेक्शन अशा काही रुग्णांत नीट लागत नाही. आणि जखम लवकर भरत नसेल तर टाके घालणाऱ्यांना आधीच कल्पना द्या.

लग्नाचं विचारलंत. लपवू नका, पण बाऊही करू नका. सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या, अतिलवचिक सांध्यांच्या प्रकारात तो पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता दर बाळामागे निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. गरोदरपणात सांधे आणखी ढिले होतात, कंबरेच्या-ओटीपोटाच्या सांध्यांना आधार लागतो, आणि बाळंतपण जिथे भूल व रक्ताची सोय आहे अशा रुग्णालयात ठरवावं. एवढं सांभाळून असंख्य बायका सुखरूप बाळंत होतात. रक्तवाहिन्यांच्या प्रकाराची आणि मारफानची गोष्ट वेगळी, तिथे गरोदरपणाआधीच हृदयरोगतज्ज्ञ आणि जनुकतज्ज्ञ गाठावे लागतात. आणखी एक, आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या घरात सोयरीक करायची चाल अजून आहे. एहलर्स-डॅनलॉसचे काही दुर्मिळ पण गंभीर प्रकार आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतात, आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. या घराण्यात नात्यातलं स्थळ टाळा, असं मी स्पष्टच सांगेन.

थेरपिस्ट कुठे मिळेल? देशातलं या विषयाचं पहिलं शिक्षण १९५० मध्ये कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या केईएममध्ये सुरू केलं, तरी आपल्या जिल्ह्यांत अजून आमची संख्या फार कमी आहे, आणि जे आहेत ते बहुतेक लहान मुलांत काम करतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी चौकशी करा. कुणाकडेही गेलात तरी राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा आणि "सैल सांध्यांचे, हाताचे रुग्ण बघता का" हेही विचारा. लांब जावं लागलं तर पहिली भेट समोरासमोर करा, अंगठीचं माप आणि सांध्यांची तपासणी व्हिडिओवर होत नाही. पुढचं बरंचसं फोनवर निभावतं, महिन्या-दीड महिन्यानं एक फेरी पुरते.

जाताना इकोचा रिपोर्ट, पंधरा दिवसांची ती वही, तिचं रोजचं पेन आणि नेहमीची चप्पल न्या. ती लिहीत असताना बाजूनं पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, सुरुवातीचा एक आणि तासाभरानंतरचा एक. तुम्ही भाकरी करतानाचाही एक काढायला लावा, आणि केसपेपर दोघींच्या नावाचे वेगवेगळे काढा.